श्वासाला दोन बोटं

१

लग्नाचा पोशाख अंगावर चढवला तेव्हा आपल्याला खांदे आहेत हे तिला पहिल्यांदा जाणवलं. तोवर आयुष्यभर तिनं दुकानातले तयार कपडे घातले होते, आणि तयार कपड्यांना तिचा डावा खांदा कधी मान्यच झाला नव्हता. उजव्यापेक्षा तो पाऊण इंच खाली होता. कुठलाही कपडा घाला, गळा त्या बाजूला घसरायचा आणि ती दिवसभर तो वर ओढत बसायची. मावशी म्हणायची, "दप्तर एकाच खांद्यावर घेऊन घेऊन असं झालंय." दप्तर ती उजव्या खांद्यावर घ्यायची. पण मावशीशी वाद घालून कोणाचं भलं झालं होतं?

हा पोशाख मात्र जागचा हलला नाही. सासरे शिंपी होते. खाली दुकान, वर घर, आणि पाटीवर एवढंच, 'बायकांचे कोट व पोशाख'. लग्नाला आलेल्या बायकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवून शिलाई पाहिली आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांतच टेप आहे हो!" सासरे नुसते हसले. तीही हसली.

पोशाख उतरवून घडी घालताना तिचे हात थांबले. आपलं माप कोणी घेतलंच नव्हतं.

"बाबांनी बघितलं असेल ना तुला," नवरा म्हणाला. तोही शिंपीच होता, बापाच्या हाताखाली बारा वर्षं. "चाळीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना."

"नुसतं बघून पाऊण इंच कळतो?"

"मला नाही कळत. माझ्या हातचा पहिला कोट घालून एक बाई दोन तास हात वर करून उभ्या होत्या. खाली येईचनात."

ती हसली खरी, पण तिला दुसरंच काहीतरी आठवलं होतं. लग्न ठरवायला ती आणि मावशी या घरी पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. ती दारात दिसताच सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "बराच उशीर केलात."

त्या दिवशी त्या दोघी ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचल्या होत्या.

२

महिन्याभरात ती दुकानात बसायला लागली. काजं करायला शिकली, कच्ची शिलाई उसवायला शिकली. माप घ्यायला सासऱ्यांनी स्वतः शिकवलं.

"छातीचं माप घेताना टेपच्या आत दोन बोटं ठेवायची," ते म्हणाले. "श्वासाला जागा. पुतळ्याचं माप घेतलंस तर बोटांना काही कळणार नाही. माणसाचं घेतलंस की टेप जरा आवळते, जरा सुटते. ती सुटते तेव्हाचा आकडा खरा."

या दुकानात मापांची वही नव्हती. प्रत्येक बाईचा एक कागद होता. जाड, तपकिरी, तिच्या अंगाच्या आकाराचा कापलेला, कोपऱ्यात नाव लिहिलेला. मागच्या खोलीत असे दोन-अडीचशे कागद खुंट्यांवर टांगलेले होते. बाई जाड झाली, बारीक झाली की पेन्सिलीची नवी रेघ यायची. वारा आला की सगळे एकदम सळसळायचे. सासूबाई म्हणायच्या, "ऐका, मंडळी बोलायला लागली."

त्याबद्दल सासऱ्यांचे दोन नियम होते. बाई स्वतः समोर उभी राहिल्याशिवाय रेघ हलवायची नाही. आणि बाई गेली, तर तिच्या घरचं कोणीतरी येऊन सांगेपर्यंत कागद उतरवायचा नाही. घरच्यांनी सांगितलं की सासरे त्यांच्याच हातात कात्री द्यायचे आणि कागदाचा डावा खांदा कापायला लावायचे. एकच काप. मग कागद घडी होऊन कपाटात जायचा.

"पेपरात वाचलं तर?" तिनं विचारलं.

"पेपर काय घरचा आहे?"

घरचं. तिच्या घरचं म्हणाल तर एक मावशी, आणि ती तरी कोणाची बहीण होती हे कधी कळलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावापुढे एक आडवी रेघ होती. नववीत असताना तिनं त्या रेघेबद्दल विचारलं तेव्हा मावशीनं दोन दिवस स्वयंपाक केला नव्हता. तिनं पुन्हा विचारलं नाही. फोटो नव्हता, पत्र नव्हतं. आरशात बघून स्वतःच्या चेहऱ्यातून मावशीसारखं जे काही असेल ते वजा करायचं आणि उरेल ती आई, असा हिशेब ती लहानपणी करायची. वजा काहीच व्हायचं नाही. सगळा चेहराच उरायचा.

सासरी निघताना मावशीनं मात्र बॅगेत एक पुडी टाकली होती. आत तान्ह्या बाळाचं झबलं. "हे तुझं आहे," एवढंच म्हणाली.

एका दुपारी गिऱ्हाइकाच्या कोटाची दुमड उसवताना तिला आतल्या बाजूला लाल दोऱ्याचे तीन बारके टाके दिसले.

"हे काय?"

"आमची खूण," नवरा म्हणाला. "बाबा प्रत्येक कपड्यात घालतात. बाहेरून दिसत नाही. शहरात दुसरं कोणी नाही घालत."

ती वर गेली, बॅगेतून झबलं काढलं आणि त्याची दुमड उलटली. तीन टाके. लाल.

३

दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं. नवरा कापड आणायला जायचा किंवा तोंड उघडं टाकून झोपायचा. सासूबाई आडव्या व्हायच्या. सासरे खालीच बाकावर पडायचे.

बुधवारी ते पडत नसत. हे तिच्या उशिरा लक्षात आलं, कारण आवाज तसा रोजचाच होता. लाकडी जिन्यातून तो वर यायचा, तिच्या उशीपर्यंत.

"खांदा, साडेचौदा. डावा, पाऊण खाली."

मग टेप सरकल्याचा आवाज.

"छाती," आणि थोडी शांतता. "बत्तीस."

माप घेताना सासरे आकडे मोठ्यानं सांगायचे आणि दुसरं कोणीतरी ते चिठ्ठीवर लिहायचं, अशी पद्धत होती. ती पलंगावर पडून विचार करायची. नवरा शेजारी घोरतोय. सासूबाई पलीकडच्या खोलीत. दुकानाचं शटर खाली. मग हे सांगतायत कोणाला?

म्हातारं माणूस आहे. सवय आहे. पुतळ्यावर काही लावून बघत असतील. तिनं स्वतःला एकामागून एक तीन कारणं दिली, आणि तिन्ही चांगली होती. चौथ्या बुधवारी मात्र ती कूस बदलता बदलता थबकली. साडेचौदा. डावा पाऊण खाली.

हे तर आपलं माप.

फक्त छाती तेवढी दोन इंच कमी.

४

दुसऱ्या दिवशी कागदांवरची धूळ झटकायचं निमित्त काढून ती मागच्या खोलीत शिरली. शोधायला वेळ लागला नाही. सगळ्यात आतल्या खुंटीवर, भिंतीकडे तोंड करून तो एकटाच टांगलेला होता. कडा मऊ पडल्या होत्या. कोपऱ्यात नाव नव्हतं.

तिनं तो अंगाला लावला. आरसा नव्हता, पण लागलाही नाही. डावा खांदा तिच्या खांद्यावर येऊन असा बसला, जसं दमलेलं माणूस आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसतं. टाचणीच्या भोकात एक धागा अडकला होता. लग्नाच्या पोशाखाच्या रंगाचा.

म्हणजे पोशाख यावरून कापला होता. कागद तर तिच्या वयापेक्षा जुना वाटत होता.

तिनं तो खिडकीशी नेला. सगळ्यात बाहेरची रेघ जुनी, फिकट. तीच तिच्या मापाची. तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. वीस-पंचवीस रेघा, झाडाच्या खोडात असतात तशा, फक्त उलट्या. दर रेघेला बाई थोडी आक्रसत गेलेली. खाली घेराजवळ उंचीच्याही खुणा होत्या, पाव पाव इंच वर सरकलेल्या. म्हातारपणी माणूस बुटकं होतं तशा.

सगळ्यात आतली रेघ तिनं अंगठ्यानं पुसून पाहिली. अंगठा काळा झाला. कालची होती.

कागदामागे, त्याच खुंटीला एक कोट होता. निळा, लोकरी, जुन्या पद्धतीच्या रुंद कॉलरचा. सगळा पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या शिलाईवर तोललेला, बटणं नाहीत, अस्तर नाही. पहिल्या ट्रायलसाठी असतो तसा. दोरा मात्र नवा कोरा होता. तो पुन्हा पुन्हा उसवून पुन्हा पुन्हा घातलेला असणार, कारण शिवणीच्या कडेला कापडावर सुईची इतकी भोकं होती की उजेडात धरल्यावर चाळण दिसली.

तिनं कॉलरला नाक लावलं. कापराचा वास येईल असं वाटलं होतं.

ओल्या केसांचा आला.

५

"सापडला म्हणजे," सासूबाई म्हणाल्या. त्या भांडी पुसत होत्या आणि त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मी म्हटलंच, ही गप्प आहे पण आंधळी नाही."

"आई, कोणाचा आहे तो?"

"बस आधी. उभ्यानं ऐकू नकोस."

ती बसली. सासूबाईंनी फडकं खांद्यावर टाकलं.

"एक बाई आली होती. तुझ्या वयाची. एकटीच. दिवस भरत आलेले. म्हणाली, बाळाला एक झबलं हवंय, आणि मला एक कोट, निळा. ह्यांनी सांगितलं, आत्ता माप घेऊन काय उपयोग? तर म्हणाली, जुना पोशाख आणलाय, त्यावरून कापा, मी बाळंत झाल्यावर ट्रायलला येते. ह्यांनी नाव विचारलं. म्हणाली, ट्रायलला सांगते." सासूबाईंनी पुसलेली ताटली पालथी घातली. "पुढं झबलं न्यायला दुसरीच एक बाई आली. कोटाला कोणी नाही."

"मग त्या रेघा?"

"वर्षभरानं एका बुधवारी, दुपारी, हे मला म्हणाले, चिठ्ठी घे, त्या बाई आल्यात. पडदा लावलेला होता. मी बाहेर स्टुलावर बसून आकडे लिहिले. मला काय माहीत? दर वर्षी एकदा. सोळा वर्षं लिहिले मी."

"आणि मग?"

"मग एकदा आकडा नीट ऐकू आला नाही. मी म्हटलं, जरा मोठ्यानं सांगा. आकडा आला." सासूबाईंनी एक कोरडी वाटी पुन्हा पुसायला घेतली. "ह्यांनी नव्हता सांगितला. आवाज वाईट नव्हता गं, तेच तर. गोड होता. त्या दिवसापासून मी दुपारी खाली जात नाही."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"पूर्वी वर्षातून एकदा होतं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तू या घरात आल्यापासून दर बुधवारी. आणि दर बुधवारी संध्याकाळी ह्यांच्या अंगात उठायचं त्राण नसतं, बघतेस ना? कोणीतरी येऊन सांगावं आणि तो खांदा एकदाचा कापावा, एवढं एकच मागणं आहे माझं. पण घरचं कोणी हवं ना." त्यांनी आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, खांद्याकडे. "मावशीला फोन कर."

६

मावशीनं फोन उचलला आणि तिचा आवाज ऐकताच म्हणाली, "भांडण झालं का नवऱ्याशी?"

"नाही. मावशी, निळा कोट."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"शेजारच्या खोलीत राहायची," मावशी म्हणाली. "भाड्याच्या खोल्या होत्या, मधे नुसती फळ्यांची भिंत. रोज सकाळी केस धुवायची आणि गाणं म्हणायची, तेही एकच. कुठली, कोणाची, मी विचारलं नाही. मलाही कोणी विचारू नये असं वाटायचं तेव्हा. तू झालीस आणि नवव्या दिवशी ती गेली. ताप होता. आदल्या दिवशी मला म्हणाली, झबलं तेवढं आण, आणि कोटाचं सांग, मी येते म्हणावं."

"तू गेलीस?"

"गेले. तू माझ्या कडेवर होतीस. त्या शिंप्यानं विचारलं, बाई कशा आहेत? आता मी काय सांगायला हवं होतं ते मला कळत होतं. पण गेली म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न, मग हे मूल कोणाचं? कोणीतरी आलं असतं आणि तुला घेऊन गेलं असतं. आठ दिवसांत माझी पार वाट लावली होतीस तू, पोरी. रात्रभर रडायचीस आणि माझ्याच अंगावर झोपायचीस." मावशीनं नाक ओढलं. "मी म्हटलं, बऱ्या आहेत. येतील."

"बऱ्या आहेत. येतील," तिनं नुसतेच शब्द पुन्हा उच्चारले.

"तेवढं एक खोटं. बाकी मी तुझ्याशी खोटं कधी बोलले नाही. बोललेच नाही मुळी. तुझ्यासाठी त्या घरचं स्थळ काढलं ते त्याचसाठी. म्हटलं, तिचं राहिलं, हिचं तरी माप तिथं लागू दे. आता तू सांग त्यांना. तुझा हक्क आहे."

"तिचं नाव काय होतं?"

"मी तिला शेजारीण म्हणायची," मावशी म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

७

बुधवारी दुपारी ती जिना उतरली. हातात घडी केलेला तो बिननावाचा कागद होता आणि कात्री. सासूबाई वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. "मी ह्यांना सांगून ठेवलंय, तुला काही सांगायचंय म्हणून," त्या म्हणाल्या. "एकच काप गं. फार काही नसतं."

अगदी साधं काम आहे, असं ती स्वतःला बजावत होती. एक वाक्य बोलायचं, एक काप द्यायचा. सासरे त्यानंतर बुधवारी संध्याकाळी सगळ्यांबरोबर जेवतील. जी बाई सव्वीस वर्षांपूर्वी नवव्या दिवशी तापानं गेली, ती दर वर्षी पाव इंच बुटकी होऊ शकत नाही. म्हाताऱ्याच्या मनात एक ट्रायल राहून गेली आहे, एवढंच.

शटर खाली होतं. फटीतून उजेडाच्या पट्ट्या आल्या होत्या. पुतळा काचेजवळ, हिरव्या कोटात. तिनं मुद्दाम पाहून घेतलं. मग मागच्या खोलीत डोकावली. आतल्या खुंटीवर कोट नव्हता.

ट्रायलचा कोपरा पडद्याआड होता. बाहेर स्टूल, स्टुलावर चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवलेली. जणू ती येणारच होती.

"बस, सूनबाई," सासरे आतून म्हणाले. "लिही. खांदा, साडेचौदा."

तिनं बसून लिहिलं. कात्री मांडीवर होती. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. तिनं खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर एक तर चार पाय दिसले असते, नाहीतर दोन. आणि तिला जास्त भीती दोनच दिसण्याची होती.

ओल्या केसांचा वास आला.

"डावा, पाऊण खाली. लिहिलंस?"

"हो, बाबा."

"आता जरा इकडे हात दे. माझी बोटं हल्ली थरथरतात, आकडा खोटा येतो. पडदा सरकवू नकोस, बाईंना आवडत नाही. नुसता हात."

पडद्याच्या कडेतून तिनं हात आत घातला. सासऱ्यांनी तो मनगटाला धरून पुढे नेला आणि सोडून दिला. बोटांखाली लोकर लागली, कच्च्या शिलाईचे लांब टाके लागले. त्यांच्यावरून टेप गेलेली होती. शिकवलं होतं तशी तिनं आपली दोन बोटं टेपच्या आत सरकवली.

टेप आवळली. सुटली.

तिनं वाट पाहिली. हात आपलाच थरथरत असेल. तिनं दुसऱ्या हातानं कोपर घट्ट धरलं.

पुन्हा आवळली, पुन्हा सुटली. हळू, थोडीशी दमलेली, वरच्या मजल्यावर चढून आलेल्या माणसासारखी.

"सूनबाई," सासऱ्यांचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकासमोर असतो तसा. "ही म्हणत होती, तुला काही सांगायचंय. बाईंच्या घरून काही निरोप आलाय का?"

टेप आवळली.

आणि तशीच राहिली. सुटेना. तिच्या दोन बोटांवर ती घट्ट बसून राहिली, आणि पडद्याच्या आत, बाहेर, सगळ्या दुकानात कोणी हललं नाही. मागच्या खोलीतले कागदसुद्धा गप्प होते. जिन्यावर सासूबाईंची बांगडी एकदा वाजली आणि थांबली. कात्री मांडीवर गार पडली होती. एकच वाक्य होतं. ते तिला पाठ होतं, तिनं सकाळपासून घोकलं होतं.

"नाही," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला कुठून तरी लांबून, फळ्यांच्या भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला. "बऱ्या आहेत. येतील."

जिन्यावर सासूबाई मटकन खाली बसल्याचा आवाज आला.

टेप सुटली. एकदम नाही. हळूहळू, खूप लांबत, जसा माणूस बऱ्याच दिवसांनी श्वास सोडतो तशी.

"बरं झालं," सासरे म्हणाले. "लिही मग. छाती, साडेएकतीस."

"हात मोकळा नाही, बाबा."

"राहू दे," ते म्हणाले. "घाई नाही."